बिअरच्या बादलीत आंबील : प्रकल्प नोंदी

१९ जानेवारी २०२५

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला आलेला भाचा आज परत गेला. तो अ‍ॅडलेडला असतो. जाताना ३० लिटरची झाकणाची बादली ठेवून गेला. विमानातून बादली कशी आणली म्हणून विचारलं, तर तिच्यातच कपडे कोंबून आणली म्हणे. घरी बिअर करायचं किट आहे. बादलीला खाली तोटी, झाकणाच्या भोकात बसवायचा एअरलॉक, हायड्रोमीटर (द्रव पाण्यापेक्षा किती जड ते दाखवणारा) आणि त्याची उभी नळी, बादलीला बाहेरून चिकटवायची तापमानाची पट्टी, १.७ किलोचा मॉल्ट एक्स्ट्रॅक्टचा डबा आणि यीस्टची ७ ग्रॅमची पुडी.

"मामा, तुम्ही दिवसभर रंगाच्या बाथ लावता. हा तर तुमच्या डाव्या हातचा मळ."

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या युनिटला डाईंग मास्टर आहे. एकोणतीस वर्षं झाली. खोकं बघून ही एवढंच म्हणाली, "अहो, जे काय करायचं ते मागच्या खोलीत करा. देवघराच्या भिंतीला ही बादली नको."

२३ जानेवारी

माहितीपत्रक दोनदा वाचलं. खरं काम कारखान्यातच उरकलेलं असतं. बार्लीला मोड आणायचे, ती वाळवायची, भरडून गरम पाण्यात मुरवायची म्हणजे पिठाची साखर होते, मग ते गोड पाणी हॉप्सच्या फुलांबरोबर उकळून कडू करायचं आणि शेवटी आटवून काकवीसारखं घट्ट करायचं. डब्यात हीच काकवी असते. घरी करायचं ते गुलाबजामच्या पाकिटाइतकंच: डबा गरम पाण्यात बसवून सैल करायचा, किलोभर साखरेबरोबर उकळत्या पाण्यात विरघळवायचा, गार पाणी घालून २३ लिटर करायचे, वर यीस्ट भुरभुरायचं, झाकण लावून आठवडाभर हात लावायचा नाही. एअरलॉकमधून आतला वायू बुडबुड करत बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. सलग दोन दिवस हायड्रोमीटरचा आकडा हलला नाही की आंबणं संपलं. मग लिटरला ८ ग्रॅम साखर घालून बाटल्यांत भरायचं, म्हणजे बाटलीतच फेस तयार होतो. आकडा थांबायच्या आधी भरलं तर बाटल्या फुटतात.

एक ओळ ठळक अक्षरांत आहे: तापमान १८ ते २४ डिग्री ठेवा. हिला वाचून दाखवली. ती हसत आत गेली. मे महिन्यात आमच्याकडे पहाटेसुद्धा २४ होत नाहीत.

२६ जानेवारी

सुट्टी. हायड्रोमीटर काढला. पत्रकाप्रमाणे सुरुवातीला आकडा १.०४० च्या आसपास यायला पाहिजे आणि शेवटी १.००८ ला उतरायला पाहिजे. दोन्हींतल्या फरकाला १३१ ने गुणलं की अल्कोहोलचे टक्के, म्हणजे चारच्या थोडे वर.

मला हे आकडे वाचायला वेळ लागेना. कॉस्टिक सोड्याची ताकद आम्ही ट्वाडलमध्ये मोजतो, तोही हायड्रोमीटरच. एकच्या पुढचं जे असेल त्याला दोनशेने गुणायचं. १.०४० म्हणजे ८ ट्वाडल. पत्रकाच्या कडेला पेन्सिलीने सगळे आकडे ट्वाडलमध्ये लिहून टाकले. आता कागद घरचा वाटतो.

९ फेब्रुवारी

मध्ये एक्सपोर्टची ऑर्डर होती. थंडीचा नेमका महिना त्यातच गेला, ही माझीच चूक.

आज फक्त बादली धुतली. पत्रकात स्वच्छ करणं आणि निर्जंतुक करणं अशी दोन वेगळी कामं दिली आहेत, आणि भाच्याला ते अवघड वाटलं होतं. आमच्या खात्यातल्या पोराला हे सांगावं लागत नाही. आधी स्कावरिंग, म्हणजे मेण-तेल धुऊन काढणं, मग ब्लीच. कापडावर मेण आणि तेल राहिलं तर पेरॉक्साइड कितीही ओता, डाग दिसायचा तो दिसतोच. किटबरोबरच्या पावडरीच्या पुडीवर सोडियम परकार्बोनेट लिहिलं आहे. म्हणजे सोडा अ‍ॅश आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकाच दाण्यात. आयुष्य ज्यांच्या संगतीत गेलं ती दोघं अ‍ॅडलेडहून पुडीत बसून घरी आली.

आत काथ्या किंवा तारेची घासणी लावायची नाही. प्लास्टिकवर ओरखडा उठला की जंतूंना त्यात घर मिळतं. मऊ फडकं आणि कोमट पाणी.

८ मार्च

डबा उघडायच्या आधी कोरी चाचणी. नवी शेड, म्हणजे रंगछटा, थेट मोठ्या मशिनवर कोणी चढवत नाही, आधी लॅबमध्ये दहा ग्रॅमवर बघतात. तसं बादलीत साधं पाणी २३ लिटर भरलं आणि तापमानाची वही घातली.

पाणी भरण्यावरून घरात दोन शब्द झाले. नळाला चार दिवसांनी पाणी येतं, त्यात २३ लिटर नुसते बघायला ठेवायचे. शेवटी बोअरचं भरलं. चाचणीला चालतं, पण बिअरसाठी हे पाणी घेतलं नसतं. इतकं जड आहे की चहाच्या भांड्याला महिन्यात पांढरी खपली धरते.

दुपारी तीनला खोली ३३, बादली ३१. यीस्ट आंबताना स्वतःही उष्णता सोडतं, म्हणजे आणखी दोन-तीन डिग्री धरा. एवढ्या गरमीत यीस्ट मरत नाही, उलट सुसाट सुटतं आणि नको ते अल्कोहोल आणि एस्टर ही उग्र वासाची द्रव्यं तयार करतं. भाचा सांगत होता, पहिल्या उन्हाळ्यातल्या त्याच्या बिअरला नेलपॉलिशचा वास होता.

१० मार्च

ओला टॉवेल गुंडाळला. युनिटमधून नवा कोरा घरी आणला होता, चांगला जाड. तांब्याने पाणी ओतलं तर थेंब मोत्यांसारखे घरंगळून खाली. एकोणतीस वर्षांच्या मास्टरला हे आधी आठवायला हवं होतं. नव्या टॉवेलला शेवटी सिलिकॉन सॉफ्टनर दिलेला असतो, दुकानात हात फिरवला की मऊ लागावा म्हणून. तो निघेपर्यंत टॉवेल पाणी ओढत नाही. गिऱ्हाईक तक्रार करतं तेव्हा मीच सांगतो, दोन-तीन धुण्यांनंतर बघा.

न्हाणीघरातला सहा वर्षांचा जुना टॉवेल काढला, कडा विरलेला. बादली परातीत ठेवली, परातीत चार बोटं पाणी, टॉवेलची खालची कड त्या पाण्यात बुडलेली. अर्ध्या तासात पाणी लूपमधून चढत तोटीच्या वरपर्यंत गेलं. ओल कुठपर्यंत आली त्याची रेष दिसते. त्याच्या वर मात्र चढत नाही, वरचा भाग अधूनमधून हाताने शिंपावा लागतो.

टॉवेलने २६. टेबलफॅन लावला तर २३. खोली ३३ असताना! आपली हवा कोरडी म्हणून हे जमतं. मुंबईत हाच टॉवेल नुसता कुबट झाला असता. दिवसाला परातीतलं पाणी अडीच ते तीन लिटर उडतं, ते मी बोअरचंच घालतो आणि हिच्या नजरेला पडणार नाही अशा वेळी घालतो.

१३ मार्चला दुपारी दीड तास वीज गेली. फॅन बंद, तरी २३ चे साडेचोवीसच झाले. एवढं पाणी चटकन तापत नाही. चाचणी पास. डबा रविवारी उघडायचा ठरवलं, मग तेही रंगपंचमीवर ढकललं.

१९ मार्च

रंगपंचमी. सोलापुरात धुळवडीला नाही, आज खेळतात. शाळेपासूनचा मित्र वकील आहे, तो रंगात भिजून हात धुवायला मागच्या खोलीत आला. बादलीला ओला टॉवेल गुंडाळलेला, समोर फॅन.

"काय बे, हिला ताप आलाय काय?"

सगळं सांगितलं. त्याने हात पुसले, खुर्ची ओढली. "डबा उघडला नाहीस ना? मग उघडू नको."

मला वाटत होतं, परमिट काढलं की झालं. तो म्हणाला, परमिट पिण्याचं असतं, करण्याचं नाही.

२० मार्च

संध्याकाळी त्याच्या ऑफिसात जाऊन कायदा स्वतः वाचला. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९. पूर्वी नावात मुंबई होतं. कलम १२ सरळ आहे: मद्य तयार करायचं नाही. परवाना असेल तर गोष्ट वेगळी, पण तो परवाना कारखान्याचा. मद्याच्या व्याख्येत बिअर आहे, ताडी आहे, आणि शेवटी अल्कोहोल असलेला कुठलाही द्रव आहे. घरच्यासाठी केली, विकली नाही, थोडीच केली, यातल्या कशालाही तिथे वेगळी जागा नाही. इंग्लंडने घरच्या बिअरसाठीची परवान्याची अट १९६३ मध्ये काढली. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने मोकळीक आली. भाच्याच्या गावात डबा किराणा दुकानात मिळतो. पण माझी मागची खोली त्याच्या गावात नाही.

वकिलाला म्हटलं, आमच्या खात्यात लिकर म्हणजे बाथचं पाणी, आणि मी रोज हजारो लिटर लिकर ईटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटला, सोडतो. तो हसला. म्हणाला, "ते कोर्टात नको सांगू."

वाईट वाटलं हे खरं. पिण्याचं विशेष नाही, मी वर्षातून चार वेळा घेणारा. पण ३३ च्या खोलीत २३ आणले होते आणि त्या आकड्याचं आता काही करायचं नव्हतं.

३० मार्च

पाडवा. शेजारच्या अक्कांनी वाटीभर उगादी पच्चडी आणून दिली. कैरी, चिंच, गूळ, कडुलिंबाचा फुलोरा. आई ओसरीवर बसून चाटत होती. बादली तिला रोज दिसते.

"त्या भांड्याचं काय झालं रं?"

सरकार करू देत नाही म्हटलं.

"आंबवायचंच हाय न्हवं? मग आंबील कर की. तिला कोण पुसतंय?"

आई मंगळवेढ्याकडची. तिकडच्या काळ्या रानातल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण तिच्या लेखी ती मानांकनाच्या आधीपासूनच जगात एक नंबर. तिची आंबील अशी: ज्वारीचं पीठ रात्री ताकात भिजवायचं, सकाळी आंबल्यावर पाणी घालून शिजवायचं, लसूण-जिरं-मीठ. आंबील आंबते ती दह्याच्या जंतूंनी, लॅक्टिक. त्यांना ३७ ते ४५ डिग्री लागतात.

म्हणजे एप्रिलमधली माझी मागची खोली. टॉवेल नको, फॅन नको.

२ एप्रिल

नवा प्रकल्प. बार्लीचं मॉल्ट होतं तसं ज्वारीचं करायचं. आफ्रिकेत ज्वारीच्या मॉल्टवर गावंच्या गावं पेय करतात, तेव्हा ज्वारी ऐकते हे पक्कं. मला मॉल्ट पाहिजे ते आंबील जाड न होता गोडसर आणि पातळ व्हावी म्हणून.

मालदांडी दोन किलो, यंदाच्या सुगीची, मेहुण्याच्या रानातली. या वाणाची निवड आपल्याच मोहोळला झालेली. बियाण्याच्या पिशवीतली ज्वारी चुकूनही घेऊ नये, तिला औषध चोळलेलं असतं. धुतली, पोचट दाणे तरंगले ते काढले. भिजत घातली, २० तासांत पाणी तीनदा बदललं. मग ओल्या टॉवेलात गुंडाळून पाटीत.

इथे तो कोरा टॉवेल वापरला. चार वेळा धुतल्यावर आता पाणी धरतो.

४ एप्रिल

पहिल्या दिवशी पांढरा ठिपका, दुसऱ्या दिवशी पेरभर मोड. ढिगाच्या पोटात हात घातला तर कढत. दाणे श्वास घेतात, उष्णता कोंडते. सहा-सहा तासांनी खालवर केली. तरी एका कोपऱ्यात काळी बुरशी दिसली, तो मूठभर भाग आणि त्याच्या भोवतीचा आणखी मूठभर टाकला. बुरशीच्या धान्यात काटकसर करायची नाही.

गच्चीवर दीड दिवसात खडखडीत वाळली.

आता महत्त्वाचं. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात धुरिन नावाचं द्रव्य असतं, त्यातून सायनाइड सुटतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावराला किराळ लागते ती याचमुळे. म्हणून वाळलेले मोड आणि मुळं तळहातांवर चोळून काढायची, सुपात पाखडायची, आणि मॉल्ट कधी कच्चं खायचं नाही, शिजवायचंच. आईने पाखडून दिलं. तिला धुरिन माहीत नाही, पण कोंबांचा कचरा गल्लीतल्या शेळ्यांपुढे टाकू नको, हे तिनेच बजावलं.

दोन किलोचं दीड किलोच्या वर मॉल्ट हाती आलं. गिरणीवाल्याने आधी नाक मुरडलं, मग जाडसर दळून दिलं.

१३ एप्रिल

बॅच १.

सात लिटर पाण्यात किलोभर ज्वारीचं पीठ शिजवलं. बार्लीपेक्षा ज्वारीचा स्टार्च उशिरा फुलतो, सत्तरच्या पुढे. त्यामुळे आधी पूर्ण उकळून घ्यावंच लागतं. खळ तयार झाली, पळी उभी राहील अशी. गार करून ६३ ला आणली आणि ३०० ग्रॅम मॉल्टचं पीठ थोड्या पाण्यात कालवून घातलं. उकळत्यात घातलं तर त्यातली एन्झाइम जागच्या जागी मरतात.

पुढची दहा मिनिटं मी जागचा हललो नाही. पळी फिरवताना आधी मनगटाला जोर लागत होता. मग कडेने चकाकी आली. मग पळीमागे पडलेली चर लगेच बुजायला लागली. नवव्या मिनिटाला पळी सोडली तर ती आडवी पडली. घट्ट पिठलं होतं त्याची कढी झाली, वर चव गोड.

हे मी रोज बघतो आणि कधी बघितलं नव्हतं. विणण्याआधी ताण्याला खळ देतात, ती काढल्याशिवाय रंग बसत नाही, म्हणून ग्रे, म्हणजे मागावरून आलेलं कोरं कापड एन्झाइमच्या बाथमध्ये टाकतो. ते एन्झाइम अमायलेज. मॉल्टमधलंही तेच. वडील लक्ष्मी-विष्णू मिलच्या सायझिंग खात्यात होते. त्यांनी जन्मभर कापडाला खळ लावली, मी जन्मभर काढली, आणि आज स्वयंपाकघरात दोन्ही एकाच पातेल्यात.

खळ गेली का बघायला आम्ही कापडावर आयोडिनचा थेंब टाकतो. निळा झाला तर स्टार्च आहे. खात्यातली बाटली घरी आणली. बशीत चमचाभर काढून थेंब टाकला: सुरुवातीला शाईसारखा निळा, वीस मिनिटांनी जांभळा, पन्नास मिनिटांनी तपकिरी. बशीतलं ते टाकून दिलं, ही शेजारी उभी राहून बशी दोनदा धुतली का बघत होती.

फडक्यातून गाळून पुन्हा एक उकळी दिली. गार झाल्यावर हायड्रोमीटर बुडवला. त्याआधी साध्या पाण्यात तपासला तर ०.९९६. हा कसा पाण्यापेक्षा हलका दाखवतोय? मग नळीवरचं बारीक अक्षर वाचलं: २० डिग्रीला. पाणी ३५ होतं. म्हणजे उन्हाळ्यात आकड्यात ०.००४ मिळवायचे. मिळवून १.०३४, जवळजवळ ७ ट्वाडल.

४२ ला एक पळी ताजं ताक घालून बादलीत. रात्री ९. एअरलॉक बसवला.

१४ एप्रिल

सकाळी ८. पीएच पेपर ६ वरून ४ वर. अकरा तास! कसलीही ऊब दिली नाही. खोलीने आपली आपण ३७ ठेवली. बुडबुडा एकही नाही, हायड्रोमीटर १.०३३. साखरेचं आम्ल झालं, वायू जवळजवळ नाही, अल्कोहोलचं नाव नाही. किट ज्या कामासाठी आलं ते झालं नाही, याचा पुरावा किटच्याच हायड्रोमीटरने दिला.

आईने चाखली. "बरी हाय. पण उलटं केलंस तू. आधी आंबवायचं, मंग शिजवायचं." त्यात ताक, लसूण, जिरं घालून तिने ती आपली करून टाकली.

२८ एप्रिल

बॅच २ वाया.

२५ ला रात्री बादलीत भरली, आकडा १.०३२, आणि पहाटे बार्शीला लग्नाला गेलो. सकाळी काढून फ्रिजमध्ये ठेव म्हणून सांगायचं होतं ते मुलाला सांगायचं राहिलं. आज दुपारी परत आलो तर मागच्या खोलीतून आवाज: बुडुक, बुडुक. एअरलॉक एका लयीत चाललेला. झाकण फुगलेलं. वास ताडीच्या अंगाने जाणारा.

आकडा १.०२०. बारा हजारांश उतरला, गुणिले १३१, म्हणजे दीड टक्क्याच्या वर. पट्टी ३६ दाखवत होती.

अ‍ॅडलेडला या आवाजासाठी लोक रात्रभर कान लावून बसतात. मी तोटी उघडली आणि सगळं मोरीत सोडलं. जाताना फेस सुंदर होता.

यीस्ट आलं कुठून? पुडी तर बंद आहे. यीस्ट पिठावर असतं, हवेत असतं, पण पहिल्या बॅचला ते दिसलं नव्हतं. तोटी पान्याने काढली. आटे आणि रबरी वॉशर यांच्या मध्ये पिठाची राखाडी पुटी, नखाने निघेल एवढी, बॅच १ ची. बादली चकचकीत धुतली आणि तोटी न खोलता तशीच ठेवली होती. जिगरचा, म्हणजे रंगाच्या मशिनचा, व्हॉल्व्ह न खोलता शेड बदलली म्हणून मी पोरांना किती वेळा झापलंय.

दुसरं कारण वेळ. आंबट होऊन थांबायच्या जागी तीन दिवस उरलेली साखर तिथेच होती, यीस्टला आमंत्रणच.

३ मे

बॅच ३. तोटी खोलून, वॉशर वेगळा उकळून. पावणेनऊ तासांत पीएच ४.

मग आईच्या क्रमाने: आंबल्यावर लगेच पातेल्यात काढून खळखळून उकळली. ताकाचे जंतू आणि चोरून आलेलं यीस्ट, दोघांचाही कारभार तिथेच संपला. माठात गार करून त्याच दिवशी संपवली. अर्धा लिटर फडकं बांधून बाहेर ठेवून पाहिली, दुसऱ्या सकाळीही आकडा जागेवर. आईला हे सांगितलं नाही. तिला कळलेलं आहे, कारण आज ती काही बोलली नाही.

९ मे

१२ लिटर कॅनमधून खात्यात नेली. दुपारी पारा ४२ च्या वर, रंगाच्या कॅबिनेट मशिनजवळ तर विचारू नका. सोबत कांदा, शेंगा चटणी, कडक भाकरीचे तुकडे. कुणी तिला आंबील म्हणालं, कुणी अंबली. तेलुगू आणि कानडी पोरांनी घरची चव कशी असते त्यावर वाद घातला, एकाने गूळ नाही म्हणून नाव ठेवलं आणि तीन ग्लास प्यायला. वीस मिनिटांत कॅन उलटा.

११ मे

रविवार. रात्री भाच्याचा व्हिडिओ कॉल. मागे त्याची बादली दिसत होती, तिला त्याने रजई गुंडाळली होती. तिकडे थंडी सुरू झाली, यीस्ट झोपतं म्हणे.

"मामा, बुडबुडे आले का?"

"एकदा आले होते. ओतून दिलं."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, डब्यावरची तारीख पुढच्या वर्षीची आहे, दिवाळीत येईन तेव्हा परत घेऊन जातो. कपडे कशात भरून नेणार विचारलं, कारण बादली काही मी देत नाही.

उद्यासाठी: ज्वारी दोन किलो भिजत. वॉशर एक जादा आणणे. जुना टॉवेल हिला परत करणे.